कोठीतला हमाल

युए-थावच्या हाताखालून निम्मं कीलुंग वर गेलं, असं तैवानमधल्या त्या बंदरावरची माणसं म्हणायची. ती मेलेल्या माणसांचे फोटो नीट करायची, देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर लावतात तो मोठा फोटो. लोक काहीही घेऊन यायचे. ओळखपत्रावरून सोलून काढलेला तुकडा, लग्नाच्या पंगतीत मागे बसलेला अर्धा चेहरा, नाहीतर उन्हात डोळे मिचकावून काढलेला. थाव त्यातून माणूस बाहेर काढायची. उभ्या जन्मात ज्याने कोट पाहिला नाही अशा कोळ्याला ती कोट चढवायची, केस विंचरायची, डोळ्यांखालचं काळं पुसायची. सुरकुत्यांना मात्र हात लावायची नाही. "त्या त्याने कमावल्यात, मी कोण पुसणार," म्हणायची. काम सुरू करण्याआधी एक उदबत्ती लावायची आणि फोटोतल्या माणसाला मान लववायची. तो ओळखीचा असो वा नसो.

ती डोंगरातल्या खाणीच्या गावची. बाप खाणीतून एकदा वर आलाच नाही, तेव्हा पोरगी सतराव्या वर्षी बंदरावरच्या फोटोच्या दुकानात कामाला लागली. त्या काळी असे फोटो कोळशाच्या भुकटीने हाताने काढत. दुकानाच्या मालकाने तिला शिकवलं, समोर तासन्‌तास न हलता बसून. शिकताना तिने शेकडो वेळा काढला तो त्याचाच चेहरा. पुढे त्याच्याशीच लग्न झालं. मग हाताची कामं मागे पडली, दुकानात स्कॅनर आणि कॉम्प्युटर आला, आणि नवऱ्याने तिला माऊस धरायला शिकवलं तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली होती.

कॉम्प्युटर आला त्याच्या पुढच्या वर्षी, सातव्या महिन्यात, तो शिडीवर चढून दुकानाची पाटी ठोकत होता. या महिन्यात पाताळाची दारं उघडी असतात, खिळा ठोकू नये, असं तिने सांगितलं होतं. तो हसला होता. शिडी सरकली. त्याला आता तीन वर्षं झाली होती. या महिन्यात ती त्याचं नाव तोंडातून काढत नसे. उघड्या दारांच्या दिवसांत नाव घेतलं की कोण ऐकेल, सांगता येत नाही.

यंदा सहावा महिना संपता संपता लिएन आमा दुकानात आली. आमा म्हणजे आजी, सगळी आळी तिला आमाच म्हणे. तिचा मुलगा खिम हिवाळ्यात बोटीबरोबर गेला तो परत आला नव्हता. बोट नाही, माणूस नाही, लाकडाची फळीसुद्धा नाही. तिने रुमालात गुंडाळलेला फोटो काढला. बोटीवरचे सगळे खलाशी ओळीने उभे, आणि त्यांत खिमचा चेहरा नखाएवढा.

"एवढाच आहे?" थावने विचारलं.

"त्याला फोटोचं वेड होतं म्हणतेस? मासा पकडला की माशाचा काढायचा, मेला!" आमाने जीभ चावली. "आता यातून मोठा कर. आणि फोटो मला आत्ताच परत हवा. पुजारी म्हणाला, देह नाही तर कागदाचा देह करू, त्याला त्याचं तोंड लावू आणि जाळू. म्हणजे त्याला अंग मिळेल."

"हा एकुलता एक फोटो जाळणार?"

"अंगाला तोंड नको?" आमा पुढे वाकली. "ऐक. सातव्या महिन्याच्या चौदाव्या संध्याकाळी पाण्यात दिवे सोडतात ना, तेव्हा मी तुझा फोटो धरून किनाऱ्यावर उभी राहणार. तो आंधळ्यासारखा फिरत असेल गं पाण्यात. स्वतःचं तोंड दिसलं की येईल. तेव्हा त्याचंच तोंड हवं. लोकांचे करतेस तसा राजपुत्र नको करूस. उजव्या कानाची पाळी फाटलेली आहे, गळ लागला होता लहानपणी. ती फाटकीच ठेव."

थावने फोटो स्कॅनरवर ठेवून अगदी बारीकसारीक उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी आमाने तो जाळला.

काम सुरू झालं आणि यंत्र बिघडल्यासारखं वागू लागलं. नखाएवढा चेहरा भिंतीएवढा करायचा होता. थाव एकदा ब्रश फिरवी आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसे. कॉम्प्युटरच्या डब्यावरचा लाल दिवा विझेना. आतून आवाज येई, खरखर खरखर, मग थोडं थांबून पुन्हा. तिने माऊस सोडून दिला, स्वयंपाकघरात गेली, तरी आवाज चालूच. कुणी हात लावत नसताना आत कोणीतरी काम करत होतं. सातवा महिना लागला होता, पाताळाची दारं कालच उघडली होती. गल्लीत जाळलेल्या कागदी नोटांची राख उडत होती, दारोदार वाटसरू भुतांसाठी तांब्याच्या परातीत पाणी आणि स्वच्छ टॉवेल ठेवलेला होता. थावने आपली परात जरा आत ओढली. मग तिलाच लाज वाटली आणि ती पुन्हा बाहेर सरकवली.

तिने आ-ग्वानला बोलावलं. आ-ग्वान तिच्या नवऱ्याचा दोस्त. लांबच्या मासेमारी बोटींवर वायरलेस सांभाळायचा. खरखर ऐकून ऐकून एक कान गेला, तेव्हा जमिनीवर आला आणि देवळाच्या गल्लीत कॉम्प्युटर जोडून विकायला लागला. त्याने चांगला कान डब्याला लावला.

"वहिनी, भूत नाही. हमाल आहे."

"कसला हमाल?"

"तुमच्या या डब्याची मेमरी म्हणजे तुमचं कामाचं टेबल. ते आहे एवढंसं. त्यावर तुम्ही पसरलीये देवळाच्या मांडवाएवढी चादर. मग हा काय करतो, जो भाग तुम्हाला आत्ता लागत नाही तो गुंडाळतो आणि खालच्या कोठीत नेऊन टाकतो. डिस्क म्हणजे कोठी. तुम्ही कपाळावरून हनुवटीवर आलात, की कपाळ खाली, हनुवटी वर. तुम्हाला वाटतं अख्खा माणूस समोर आहे. नसतो. असल्यासारखं दाखवतो."

"म्हणजे खोटं बोलतो."

"खोटं कशाला, निभावून नेतो. पाहुणे बसलेले असतात आणि तुम्ही मागच्या दाराने शेजारणीकडून मीठ आणता ना, तसं. पण मीठ एकदा आणायचं. याला सकाळपासून श्वास घ्यायला फुरसत नाही. जिना चढ, जिना उतर. आणि हमाल म्हातारा झालाय."

"दमला तर?"

"हे दमत नाहीत, वहिनी. एकदम मरतात."

त्याने कोठी तपासली तर तीही काठोकाठ भरलेली. हमालाला ओझं टेकवायला जागा नव्हती. "जुनं काहीतरी काढा. ही बघा, ही केवढी थोरली फाइल. तीन वर्षांत कुणी हात लावलेला नाही. हिला पुसली की—"

"ती नाही," थाव म्हणाली.

आ-ग्वानने फाइलीचं नाव वाचलं आणि खाकरला. तो फोटो त्याच्या मित्राचा होता. तोच भिंतीवर लावलेला होता, त्याच्या डोक्याच्या वरच. "बरं, ती नाही," तो म्हणाला.

तो गेल्यावर थाव जागा करत बसली. काम संपलेले, पोचवलेले चेहरे एकेक करून पुसले. नव्या मेलेल्याला बसायला जागा म्हणून जुन्या मेलेल्यांना उठवायचं, हे तिला बरं वाटलं नाही. प्रत्येकाची मनातल्या मनात माफी मागितली. तरी भागेना. शेवटी दोनच मोठ्या फाइली उरल्या, एक नवऱ्याची आणि एक खलाशांच्या फोटोची, जशीच्या तशी उतरवलेली. खिमचा मोठा चेहरा तर आता वेगळा झालेलाच आहे, तिने विचार केला. बाकीच्या खलाशांचं मला काय करायचंय? तिने ती पुसली. खरखर थोडी कमी झाली, आणि आपण शहाणपणाने वागलो असं तिला वाटलं.

दोन दिवसांत आवाज पुन्हा वाढला. आता त्यात एक नवा सूर होता, दात खाल्ल्यासारखा. आ-ग्वान मेमरीची पट्टी आणि दुसरी डिस्क घेऊनच आला. "डबा उघडतो. पट्टी बसवतो, सगळं नव्या डिस्कवर उतरवतो. तुमचा चहा निवायच्या आत काम होतं."

"महिना संपू दे."

"वहिनी, या महिन्यात शिट्टी मारू नये, ओले कपडे बाहेर टाकू नयेत, भिंतीला टेकू नये, सगळं मला तोंडपाठ आहे. स्क्रू काढू नये असं कुठल्याही आमानं सांगितलेलं नाही."

"खिळा ठोकू नये असं सांगितलेलं होतं ना?"

आ-ग्वानने स्क्रूड्रायव्हर परत पिशवीत टाकला. शिडी धरायला त्या दिवशी तोच यायचा होता, आणि त्याला उशीर झाला होता.

"देवीला विचारू," थाव म्हणाली. "ती हो म्हणाली तर उघडा."

घरात माझू देवी होती, समुद्रावरच्यांची आई. कौल लावायच्या लाकडी चंद्रकोरी दोन, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडली तर होकार. दोन्ही फुगीर तर नकार. दोन्ही सपाट वर आल्या तर देवी हसतेय. थावने डोळे मिटले. "आई, या महिन्यात डबा उघडू का?" चंद्रकोरी फरशीवर वाजल्या. दोन्ही सपाट.

पुन्हा टाकल्या. पुन्हा हसली. तिसऱ्यांदाही हसली.

"हसणं म्हणजे नाही नव्हे," आ-ग्वान म्हणाला. "प्रश्न नीट विचारलेला नाही असं म्हणतेय ती. उलटा करून विचारा."

"तीनदा हसली, भावजी. माझ्यावर हसली. अजून किती स्पष्ट सांगायचं तिनं?" थावने कोरी पुसून जागेवर ठेवल्या. तिचे हात घाईघाईने चालत होते. मनातून तिला होकार नकोच होता.

आ-ग्वान जन्माचा दर्यावर्दी. देवीच्या होकाराशिवाय बोटीचा दोर सोडला नव्हता त्याने, डब्याला तरी कसा हात लावणार. "निदान नक्कल काढून ठेवा कुठेतरी," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच हसला. "कुठे ठेवाल म्हणा. फ्लॉपीत याचं नाकसुद्धा मावायचं नाही." त्याने पट्टी आणि डिस्क खणात ठेवली. जाताना पिशवीतून मुलांच्या खाऊचं हिरवं पाकीट काढून डब्यावर मांडलं. शहाण्या बाळासारखं वाग म्हणून यंत्राला दाखवायचा तो नैवेद्य. "हिरवंच लागतं. पिवळं ठेवलं तर रुसतात म्हणे."

"तुमच्या डोक्यावर ठेवा एक," थाव म्हणाली, आणि दोघं हसले. त्या महिन्यातलं तेवढंच हसणं.

त्यानंतर उकाडा इतका वाढला की डब्यावर हात ठेववेना. थाव सकाळी खिमला मान लववायची आणि बसायची. जबडा झाला, टोपीची सावली झाली, फाटकी पाळी झाली. त्या पाळीवर तिने अख्खी दुपार घालवली. आता डोळे उरले होते. ते मूळ फोटोत होते तरी किती, दोन काळे ठिपके. पण बघून बघून तिला ते कळू लागले होते. थोडे एकमेकांपासून लांब, डावा किंचित झुकलेला, लांबचं बघायची सवय असलेले. ती ब्रश लावी आणि हमालाची वाट बघे. तो खाली जाई, वर येई. एकेकदा वर यायला त्याला इतका वेळ लागे की पडदा नुसता राखाडी राही, आणि तिला वाटे, आता तो दुसरंच काहीतरी घेऊन येतोय.

बाराव्या तिथीला, भर दुपारी, खरखर थांबली. थावला आधी बरंच वाटलं. मग आतून आवाज आला. टक. टक. टक. बंद दारावर नख वाजवावं तसा. पडदा काळा झाला.

आ-ग्वान धावत आला. बराच वेळ कान लावून बसला. मग उठला आणि त्याने हिरवं पाकीट उचलून बाजूला ठेवलं. त्यावरूनच थाव समजली.

"तैपेईत एक जण आहे, मेलेल्या डिस्कमधून काढतो," तो म्हणाला. "पण महिना तरी लागेल. आणि तेही मिळालं तर."

"परवा दिवे आहेत."

"आमाचा मूळ फोटो?"

"जाळला तिनं."

"मग तुम्ही उतरवलेला? तो खलाशांचा?"

"पुसला. जागा हवी होती."

"तो पुसलात? आणि त्याचा ठेवला—" आ-ग्वान भिंतीकडे बघून थांबला. पुढचं बोलला असता तर बरं झालं असतं.

"देवी हसली तेव्हा," थाव म्हणाली, "मी तिला विचारायला हवं होतं, थांबू का म्हणून. तुम्ही सांगत होतात."

"आता उघडू?"

"आता आत कोण आहे?"

संध्याकाळी तिने माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. कोळशाची भुकटी, कापसाच्या वाती, मऊ चामड्याचे तुकडे, सगळं नवऱ्याने बांधून ठेवलेलं तसंच होतं. तिने मोठा कागद ताणून बसवला, उदबत्ती लावली आणि मान लववली, पण समोर कोणी नव्हतं. खिमचा चेहरा तिने इतके दिवस पाहिला होता की त्याच्या आईनेही सलग तितका पाहिला नसेल. तो कुठे जाणार?

आणि तो आलाही. जबडा आला. टोपीची सावली आली. फाटकी पाळी तर पहिल्या फटक्यात आली. थावला वाटलं, देवी काही इतकी रागावलेली नाही. दुसऱ्या दिवशी ती डोळ्यांवर आली. हात थांबला नाही, अडखळला नाही, इतक्या वर्षांनी कोळसा धरूनही सरसर चालला. तिला त्या सहजतेचा संशय यायला हवा होता. डोळे, भुवया, मग ओठांचा कोपरा. झालं तेव्हा ती हात धुवायला उठली, आणि पुसत पुसत तिने दारातून चित्राकडे वळून बघितलं.

तिच्या नवऱ्याने तिच्याकडे बघितलं.

टोपी खिमची, कान खिमचा, आणि त्यामधून तो बघत होता, तासन्‌तास न हलता बसायचा तसा. तिने चामड्याने डोळे पुसले, पुन्हा काढले. पुन्हा तेच. पुन्हा पुसले. खिमचे ते झुकलेले डोळे आठवायला ती डोळे मिटून बसली, तर आत राखाडी पडदा, आणि वर आलं ते हेच. हाताला सतराव्या वर्षापासून एकच वाट पाठ होती. कागदाची लव निघू लागली तेव्हा तिने हात आवरला.

चौदाव्या दुपारी आमा आली. नवा सदरा, केसांत फूल. चित्रासमोर उभी राहिली आणि आधी तिने फाटक्या पाळीजवळ बोट नेलं, न टेकवता.

"कान बरोबर आहे," म्हणाली.

आमाने मान वर केली, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. पुन्हा चित्राकडे.

"आमा, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"तुझा नवरा कधी समुद्रावर गेला होता का गं?"

"नाही," थाव म्हणाली. "पाण्याला भ्यायचे ते."

"मग त्याला आज फार लांब यावं लागेल."

"आमा, हा घेऊ नका. माझ्याकडून चुकलं. थोडा वेळ द्या, दुसरा—"

"वेळ? दिवे थांबतात होय आपल्यासाठी?" आमाने चित्र रुमालात गुंडाळायला सुरुवात केली, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं, कडा आत दुमडत. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "तोंड मीच जाळलं ना. तू एकटीच कशाला रडतेस? कान माझ्या लेकाचा आहे. तो कान ओळखेल. बाकीचं ज्याचं आहे तो बाकीचं ओळखेल. भात मी जास्तच शिजवलाय."

"आमा…"

"छत्री घे, येईल त्याला तिच्याखालून घरी न्यायचंय, आणि चल. तुला यायलाच हवं. माझी नजर अधू झालीये. आला तो कोण, ते तुलाच बघावं लागेल."

थावने दुकान बंद केलं. दारातल्या परातीतलं पाणी बदललं, टॉवेल झटकून पुन्हा ठेवला. आत खणात मेमरीची पट्टी तशीच होती.

किनाऱ्यावर अजून उजेड होता. घरांच्या आकाराचे कागदी दिवे खांद्यांवरून उतरवून लोक पाण्याकडे नेत होते, ढोल वाजत होते, धुराने डोळे चुरचुरत होते. एकेक घर पेटवून पाण्यात ढकललं की ते डुलत लांब जाई. जितकं लांब तितकं चांगलं. आमाचं घर ढकललं तेव्हा ते थोडं गेलं, आणि काठाशीच फिरत राहिलं. कोणीतरी बांबूने लोटलं. ते पुन्हा वळलं.

आमाने रुमाल सोडला. चित्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, समुद्राकडे तोंड करून. थाव तिच्या मागे होती. तिला फक्त कागदाची पाठ दिसत होती आणि त्यातून पलीकडची ज्वाळा.

"आ-खिम!" आमा ओरडली. म्हातारीच्या अंगात एवढा आवाज असेल असं वाटलं नव्हतं. "आ-खिम रे! इकडे बघ! घरी चल, बाळा!"

आजूबाजूच्या बायकाही हाका मारू लागल्या, प्रत्येकीचं आपलं नाव. या महिन्यात, पाण्याकाठी, ज्याला खरंच बोलवायचं असतं त्याचंच नाव घेतात. एरवी कोणी घेत नाही. पेटतं घर हळूहळू काठाकडे येत होतं. आमाचे हात खाली येत नव्हते.

थावने ओठ दातांखाली घट्ट धरले. तरी तिच्या आत नाव वर येत होतं, खालच्या कोठीतून, एकेक पायरी.